राख कोरडी असते

हॉलंडातल्या आइंडहोवनच्या गणपतीत मालिनीने दामोदर खांबेटेला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला वाटलं, विसर्जनासाठी कुणी पाणबुड्या बोलावलाय. अंगात पिवळा रेनकोट, खाली रबरी पँट, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, आणि बाहेर लख्ख ऊन! तो चालला की तंबू उखडल्यासारखा आवाज होई. आरती दोनदा थांबली म्हणतात. अर्ध्या तासाने पाऊस कोसळला आणि वर्षभरात दोघांचं लग्न झालं.

पाण्याचा असा धसका घेतलेल्या या इंजिनिअरला जवळच्याच बेस्ट नावाच्या गावातल्या एका छोट्या कंपनीत कामही तसंच मिळालं. दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगरावर वेधशाळा होती. हवा बिघडली की तिचा घुमट आपोआप मिटवणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला. पाऊस, दव, धुकं, बर्फ, गारा, काही सोडलं नाही. प्रोग्रॅम वर्षभर बिनचूक चालला, तर त्याला वर बोलावून मोठ्या दुर्बिणीतून आकाश दाखवायचं, असं ठरलं होतं. २००५ च्या डिसेंबरातच त्याने लोकरी मोजे घेऊन ठेवले.

अकराव्या महिन्यात शेजारचा ज्वालामुखी जागा झाला.

वेधशाळेचा फोन ठेवून दामोदर मालिनीकडे वळला. "माझा प्रोग्रॅम म्हणत होता, हवा उत्तम. घुमट उघडाच राहिला. आणि राख पडत होती, थेट दुर्बिणीच्या आरशावर!"

"मग पुसून घ्या म्हणावं."

"पुसायची नाही ना! ती राख म्हणजे काचेचा चुराच. फडकं फिरवलं की चरे."

"पण शेजारी ज्वालामुखी आहे हे ठाऊक होतं ना तुला?"

"होतं गं. पण राख कोरडी असते."

मालिनीने हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "धन्य आहेस! दवापर्यंत गेलास, आणि अख्खा डोंगर विसरलास!"

"हॉलंडात बसून कोरडं काही सुचतं का कुणाला?"

मग पंधरा दिवस तो ओट्याशी उभा राहून राख ओळखणाऱ्या नव्या सेन्सरवर चाळणीने रांगोळी भुरभुरवत होता. आमटीत रांगोळी, पोळीत रांगोळी. "आता जेवायच्या आधी घुमट मिटत जा," मालिनी म्हणाली, पण चाळणी तीच धुऊन देत होती. शेवटी चिमूटभर रांगोळीलाही सेन्सर शिट्टी मारू लागला. दामोदरने सुधारलेला प्रोग्रॅम पाठवला आणि मोज्यांची घडी मोडून पुन्हा घातली.

आठवड्याने उत्तर आलं. आरसा उतरवून त्याला नवा मुलामा द्यावा लागणार होता. घुमटासाठी त्यांनी खिडकीशी एक माणूस बसवला होता आणि त्याच्या हाताशी एक बटण दिलं होतं.

दामोदर त्या डोंगरावर कधीच गेला नाही.