बॉनेटखालचं लिंबू

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... हे वाक्य सगळेच लिहितात, पण आमच्याकडे तो घरचा संस्कार आहे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून घरात ना नवस, ना नजर, ना उतारा. बाबा रिटायर्ड मास्तर. कुणाच्या गाडीला लिंबू-मिरची दिसली की त्याला तिथेच थांबवून वर्ग घेतात.

आम्ही शहराच्या कडेला, बेसाला राहतो. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर माझी सेकंडहँड गाडी जड चालायला लागली. अॅक्सिलरेटर सोडला की आपोआप थांबायची, जळका वास यायचा, आणि पुढचं डावं चाक हात लावू नये इतकं तापायचं. ब्रेक चिकटत होता, उघड आहे. हुडकेश्वर रोडवरच्या मेकॅनिकने चाकावर ब्रेक दाबणारा कॅलिपर बदलला, मग ब्रेकचा पाइपही. जॅकवर गाडी उचलून चाक हाताने फिरवून दाखवलं.

"भाऊ, मस्त फिरून राहिलं ना! आता काहून चिकटते, मले नाही समजत."

घरी येईपर्यंत चाक पुन्हा तापलेलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "नजर लागली गा गाडीले. लिंबू बांध." मी त्यांनाच चार शब्द सुनावले. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना गाडी अडली, तेव्हा डोकं फिरलं म्हणा — भाजीच्या ठेल्यावरून एक लिंबू घेतलं आणि बॉनेटच्या आत, बाबांना दिसणार नाही असं, तारेने बांधलं.

गाडी मोकळी झाली! चाक थंडगार. पुढे कितीतरी दिवस काही त्रास नाही.

मग एका रविवारी विहारात निघालो, तर बाबा वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडून उभे. हातात ते सुकलेलं लिंबू.

"हे तू बांधलं?"

मेकॅनिकने बांधलं असेल, असं अगदी ओठांवर आलं होतं. "हो, बाबा."

ते रागावले नाहीत... रागावले असते तर बरं झालं असतं. "नाही समजलं, तर नाही समजलं म्हणाचं गा. त्यात लाजायचं काय?" एवढं बोलून त्यांनी लिंबू नालीत टाकलं आणि गाडीत बसले.

चौकाच्या अलीकडेच गाडी अडली. तोच वास. उतरून चाकाला हात लावला, तर चटका बसला. बाबा मागे गेले आणि गाडी कडेला घ्यायला धक्का मारू लागले, सत्तरी ओलांडलेला माणूस!

नंतर आणखी दोन गॅरेजात दाखवलं. तिथेही दोष सापडला नाही. त्याचं एक वेळ चालेल. पण बाबा मागून धापा टाकत गाडी ढकलत होते, आणि मी स्टेअरिंग धरून रस्त्यावर भाजीचा ठेला कुठे दिसतो का, ते शोधत होतो.