दादाची स्की आणि मेणबत्ती

दादा परत वर का गेला? हे मला अजून कुणीच सांगितलं नाही. त्याचे कंपनीतले दोस्त करमाडला चहाच्या टपरीवर बसतात. मी विचारलं की ते एखादा किस्सा सांगतात. उत्तर नाही, पण किस्से लई साठले!

दरवर्षी मार्चमध्ये ही टोळी मनालीला स्की करायला जायची. तेव्हा गर्दी नसते. पण बर्फ ओला अन् जड असतो.

*

पहिल्या वर्षी, पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या स्की बर्फात रुतल्या. दादा एकटाच चालत सुटला. शिकवणारा चाट पडला. "आधी कुठं शिकलास?"

"पेरणीत, सर! आमची काळी माती पाय अशीच धरते!"

*

टोळीतला सलीमभाई धाडकन पडला. पायातली स्की बर्फात गायब! सगळ्यांनी उकरलं. सापडली, पण दुसऱ्याच कुणाची! सलीमभाई म्हणाला, "असू दे यार, पाय तर माझाच निघाला ना!"

*

दादानं डोंगरावरून आईला व्हिडिओ कॉल लावला. नुसत्या बनियनवर, घामाघूम.

"स्वेटर कुठंय?"

"गरम होतंय, आई!"

"मंग एवढ्या लांब कशाला गेला? ऊन इथं नव्हतं व्हय?"

*

ओला बर्फ स्कीच्या तळाला चिकटतो. मेण घासलं की सुटतो. दादा घरून साध्या मेणबत्त्या न्यायचा आणि सगळ्यांच्या स्की घासून द्यायचा.

सलीमभाई चिडवायचा, "आज वाढदिवस कुणाचा?"

"खाली नीट पोचलास तर तुझाच!"

*

नियमही दादाचाच. दुपार झाली की उतरायचं. उन्हानं भिजलेला बर्फ अख्खाच्या अख्खा खाली येतो.

त्या दिवशी सगळे उतरले. दादाही उतरला, चहा प्यायला. मग स्की खांद्यावर टाकून परत वर निघाला. "आलोच," म्हणाला.

सलीमभाई इथंच थांबतो. ग्लासात बघत बसतो.

*

दादा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्याच्या नावानं वंदना घ्यायला घर भरलं होतं. दादाच्या फोटोपुढं मेणबत्ती जळत होती. कोपऱ्यात बर्फातून काढून आणलेल्या त्याच्या स्की उभ्या होत्या. तळ कोरडे, पांढरे पडलेले.

मी उठलो आणि मेणबत्ती फुंकली.

मामा ओरडला, "येडा झाला का रं?"

मी एक स्की मांडीवर आडवी घेतली आणि मेण घासायला लागलो. आई उठून जवळ आली. वाटलं, आता मारते. तिनं स्कीवरून हात फिरवला.

"टोकापर्यंत घास. मधीच सोडू नको."

मी टोकापर्यंत घासली. मग दुसरी घेतली.