ब्रेक लागला नाही

माझा मामा फार कमी बोलायचा आणि बाबा सगळ्यांच्या वाटणीचं बोलायचे, तरी दोघांचं गूळपीठ होतं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बाबांचं चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाबा मामाच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसायचे आणि मामा चाकाचे आरे घट्ट करत त्यांचं ऐकायचा. आई म्हणायची, "ही दोघं सख्खी भावंडं आणि मीच बाहेरून आलेली सून."

आमच्या गावामागे विझलेल्या ज्वालामुखींची रांग आहे. कधीकाळी जिथून आग निघाली त्या खड्ड्यांत आता पाणी आहे. गोल, खोल, हिरवट काळी तळी. एकही नदी त्यांना येऊन मिळत नाही, एकही त्यांतून निघत नाही. तळ्यांच्या कडेने, जंगलातून, बंद पडलेल्या खाणीचे कच्चे रस्ते जातात. खडी लालसर आणि भुसभुशीत, हातात घेतली तर जळक्या विटेच्या चुऱ्यासारखी हलकी. तिकडे मोटारी जात नाहीत. त्या वाटांसाठी मामाने स्वतःला एक ग्रॅव्हल बाईक जुळवली होती: सांगाडा शर्यतीच्या सायकलीचा, हँडल खाली वळलेलं, टायर मात्र रुंद आणि खरखरीत. बाबांनी ती पाहिली आणि हट्टच धरला. मग मामाने तशीच दुसरी त्यांच्या मापाने केली.

रविवारी सकाळी दोघं निघायचे. मी लहान असताना एकदा बाबांना विचारलं, "तिकडे तुम्ही काय बोलता?" ते म्हणाले, "काहीच नाही. तिथे गेलं की माझीसुद्धा बोलती बंद होते. खडी टायरखाली करकरते तेवढाच आवाज." बाबांच्या तोंडून हे ऐकून आई पोट धरून हसली होती.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते तेव्हा बाबांच्या गिऱ्हाइकांपैकी काही तरुणांनी त्या वाटा पाहायची इच्छा दाखवली. बाबांना कोण आनंद! मामाला तेवढासा नव्हता. पण दाजींचा शब्द तो कधी मोडत नसे. आदल्या संध्याकाळी त्याने बाबांच्या सायकलीचे ब्रेक बदलले, नवे पॅड घातले, चाकं फिरवून पाहिली.

मोठ्या तळ्याच्या काठावरून वाट एकदम खाली उतरते आणि एका काळ्या खडकापाशी वळते. तिथे खडी फार सैल आहे. मामा पुढे गेला आणि सगळ्यांना इशारा करता यावा म्हणून वळणावर उभा राहिला. तरुण मंडळी हळूहळू उतरली. शेवटी बाबा आले, तेही भन्नाट वेगात. वळणावर मागचं चाक खडीत घसरलं आणि ते पाठीवर त्या खडकावर आदळले.

कमरेखाली त्यांना परत कधी काही जाणवलं नाही.

इस्पितळात त्यांना बोलता यायला लागल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "अहो, असं कसं झालं?"

मी तिथेच होते. मामा दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता. बाबांनी छताकडे पाहत म्हटलं, "ब्रेक लागला नाही."

आईने मान वळवून मामाकडे पाहिलं. मामा एक पाऊल पुढे आला. "ताई, ब्रेक…"

"तू एक शब्द बोलू नकोस," आई म्हणाली. "चालता हो इथून."

मामाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मामा गेला.

मोठ्यांनी सांगितलं तेच मीही खरं धरलं. आईने घरात त्याचं नाव घेणं सोडलं. कपाटावरचा त्याचा फोटो निघाला. गावात तर वणव्यासारखं पसरलं. ज्याने सख्ख्या मेव्हण्याचे ब्रेक नीट लावले नाहीत, त्याच्याकडे आपल्या पोरांची सायकल कोण देणार? लोक तोंडावर काही म्हणाले नाहीत, नुसते यायचे थांबले. मामाने वर्षभर रेटलं. मग दुकानाचं शटर उतरलं आणि तो बंदरालगतच्या मासळीच्या शीतगोदामात पेट्या उचलायला लागला.

आमच्या घरात आईने कंबर कसली. चष्म्याचं दुकान तिने चालवायला घेतलं आणि बाबांचं सगळं तीच करायची. उठवणं, बसवणं, अंघोळ, कूस बदलणं. कुणी मदतनीस ठेव म्हटलं की फटकारायची. "माझ्या माणसाचं वाटोळं माझ्या माणसाने केलं. निस्तरायचंही मीच." शेजारपाजारचे तिचं कौतुक करायचे. बाबांचं बोलणं मात्र आटलं. आम्हाला वाटायचं, दुखण्याने.

मी नोकरीला लागले, दुसऱ्या शहरात राहायला गेले. सुट्टीत आले की बाबांचे केस कापणं, नखं काढणं ही कामं माझी. अशाच एका दुपारी आई दुकानात होती. मी त्यांच्या पायाची नखं काढत होते. ते म्हणाले, "मामा कुठे असतो ग आता?"

इतक्या वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. मी म्हटलं, "गोदामातच असेल. का?"

"ब्रेक लागत होता," बाबा म्हणाले. "मी लावला नाही."

मी हातातलं नेलकटर खाली ठेवलं.

"ती पोरं पुढे गेली होती. मला दाखवायचं होतं त्यांना, म्हातारा अजून काय चीज आहे ते. नुसती हौस." ते बोलत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. "तुझ्या आईने विचारलं, असं कसं झालं. आता काय सांगू तिला? शायनिंग मारायला गेलो म्हणून? जे तोंडात आलं ते बोलून गेलो."

"मग नंतर का नाही सांगितलंत? दुसऱ्या दिवशी? त्याचं दुकान बंद पडलं तेव्हा?"

"दर वेळी उद्यावर टाकलं."

"आईला आज सांगा."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी आई मला रोज उचलते. कशाच्या जोरावर उचलते, माहीत आहे? माझ्यावर अन्याय झालाय, या एका गोष्टीच्या. ती काढून घेतली तर माझ्याजवळ काय उरतं?"

मला त्यांची दया आली आणि शिसारीही.

दुसऱ्या दिवशी मी मामाला शोधत गेले. गोदामामागच्या इमारतीत त्याची एक खोली होती. पलंग, शेगडी, दोरीवर वाळणारे हातमोजे. मला पाहून तो गोंधळला, मग त्याने एकुलती एक खुर्ची पुढे केली. त्याच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. थंडीने बोटं सुजून तांबडी झाली होती, चहाच्या कपाचा कान त्याला नीट धरता येत नव्हता.

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे. मी वळणावरच उभा होतो ना. दाजींची बोटं दिसत होती मला, ब्रेकवर नव्हती. सायकलही नंतर तपासली. चोख होती."

"मग तू बोलला का नाहीस?"

"वाट बघितली. वाटलं, जरा बरे झाले की स्वतःच सांगतील. आणि खरं सांगू? असं पडलेल्या माणसाला खोटा पाडायचं धाडस झालं नाही. मग दुकान गेलं. मग वाटलं, आता बोलून कुणाला काय मिळणार." त्याने दोरीवरचा एक हातमोजा उलटा केला. "पण मला फार थोर वगैरे समजू नकोस. राग आहे माझ्या पोटात. पेट्या उचलताना एकही दिवस असा गेला नाही की मी दाजींना मनातल्या मनात शिव्या घातल्या नाहीत."

"आईला सांगू?"

"तुझं तू बघ."

मी सांगितलं. दुकान बंद करून आई घरी आली आणि स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. ती हात पुसत ऐकत राहिली. मग आत जाऊन बाबांच्या पलंगाशी उभी राहिली. "पोरगी म्हणते ते खरं आहे?" बाबांनी मानेनेच हो म्हटलं. तिने त्यांची उशी नीट केली, पांघरूण ओढलं आणि बाहेर आली.

सकाळी ती मला म्हणाली, "चल, त्याच्याकडे."

मामाने दार उघडलं तेव्हा आई उंबऱ्यातच रडायला लागली. "चुकलं रे माझं. घरी चल. दुकान परत उभं करू."

"बस, ताई," मामा म्हणाला. त्याने चहा केला. तिच्या हातात कप दिला आणि खिडकीशी उभा राहिला. "दाजी घाबरले होते. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. त्यांचं मी समजू शकतो. पण ताई, तू मला विचारलं नाहीस. एकदासुद्धा. 'अरे, काय झालं होतं' एवढंच. मी सांगितलं असतं, तू नसता ठेवला विश्वास, तरी चाललं असतं. तू विचारलंच नाहीस."

चहा तसाच निवला. निघताना ती म्हणाली, "येशील ना?" मामा म्हणाला, "नाही."

घरी आल्यावर आईने आठवड्याभरात एक मदतनीस बाई ठेवली. आता बाबांना तीच उचलते. आईने स्वतःचं अंथरूण पलीकडच्या खोलीत हलवलं. बाबा हाक मारतात तेव्हा ती येते, काय हवं ते देते, आणि परत जाते. ती भांडत नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं बाबा मला फोनवर म्हणाले.

गावात तिने दारोदार जाऊन खरं काय ते सांगितलं. लोकांनी हळहळ व्यक्त केली. सायकलीचं दुकान होतं तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मामाच्या बोटांनी तसंही आता आरा धरवत नाही. आई महिन्यातून एखाद्या वेळी बसने त्याच्याकडे जाऊन येते. तो तिला आत घेतो, खुर्ची देतो, चहा करतो. स्वतः बसत नाही.