भिंगराव मागून वाचतात

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या भिंगरावांचं खरं नाव गल्ली केव्हाच विसरली. दिवसभर डोळ्यात भिंग खुपसून बसणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? कामाला एकदम चोख; पण सिनेमागृहात अंधार झाला की ह्यांचं घड्याळ बंद! घोरायचे, दचकून जागे व्हायचे आणि बायकोला ढोसून विचारायचे, "अगं, हा कोण?"

या वेळचा सिनेमा जाडजूड कादंबरीवर काढलेला आणि भलताच अवघड. शेजारचा शिंपी तर अर्ध्यातूनच डोकं धरून परतला होता.

बायकोने फर्मान काढलं, "आधी पुस्तक, मग सिनेमा. आणि या वेळी 'हा कोण' ऐकू आलं, तर यापुढे मी आणि माझी बहीण जाणार. तुम्ही घरी बसा, घोरा पोटभर!"

भिंगरावांनी त्याच दिवशी पुस्तक आणलं. दुकानापायी बायकोशेजारी निवांत बसणं व्हायचं ते सिनेमागृहातच. झोपायचे खरे, पण तिच्याच खांद्यावर ना!

पुस्तक एकच. दिवसा दुकानात, रात्री तिच्या उशाशी. भिंगरावांनी सुरुवात केली ती शेवटच्या प्रकरणापासून. मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं.

"अहो, असं कुणी वाचतं का?"

"घड्याळ मागूनच उघडतात. पुढून नुसती वेळ कळते, बिघाड मागून कळतो."

"धन्य आहे!" म्हणत ती आपली पहिल्या पानापासून निघाली. रविवारपर्यंत दोघांच्या खुणा पुस्तकाच्या मधोमध समोरासमोर येऊन थांबल्या.

सिनेमा सुरू झाला. पहिल्याच दृश्यात म्हातारा मरून पडलेला आणि उशाशी एक बाई खदाखदा हसतेय. दिग्दर्शकानेही गोष्ट मागूनच उघडली होती! भिंगराव ताठ बसले. शेजारी चुळबुळ झाली. मग कोपर लागलं.

"अहो... ही कोण?"

"त्याची पहिली बायको. पळून गेलेली."

"अगंबाई! माझ्याकडे तर आत्ता कुठे लग्न ठरतंय!"

मागच्या रांगेतून "शूऽऽ" आलं.

मध्यंतरापर्यंत भिंगरावांनी नुसता तोरा मिरवला. नंतर पडद्यावर एक मिसरूड फुटलेला पोरगा उगवला आणि त्यांची पानं संपली. जीभ चावली, खुर्चीचा हात आवळला, शेवटी राहवेना.

"अगं... हा कोण?"

"म्हाताराच तो, तरुणपणीचा," ती हसू दाबत पुटपुटली.

बाहेर पडताना भिंगरावांनी घाबरत घाबरत विचारलं, "मग? पुढच्या सिनेमाला बहीण?"

"तिला कशाला?" बायको म्हणाली. "पुस्तकाला टोकं दोनच. तिनं बिचारीनं वाचायचं कुठून?"