अळणी जेवणारा धर्मराज

पनवेलच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या हौसाच्या घरात अळणी भात शिजतोय, हे ऐकून सगळी आळी आधी हसली. हसायचीच! ज्या घराने गावोगावच्या कालवणाला चव पुरवली, त्या घरात चिमूटभर मीठ वर्ज्य? पण हौसाच्या नवऱ्याला, धर्मराजला, छप्पन सालच्या दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी, बोलणं जड. बाजारातल्या राफेल डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर बघितलं आणि हौसाला बजावलं, “औषध मी देतो, पण निम्मा इलाज तुमच्या हातात आहे. जेवणात मीठ नको, सुकी मासळी नको. आणि यांना निजवून ठेवू नका, रोज चालवा. पुन्हा झटका आला तर माणूस हाती लागायचा नाही.”

हौसाने ऐकलं म्हणजे ऐकलंच. सुकटीचं मडकं तिने शेजारणीला देऊन टाकलं आणि स्वतःही अळणी गिळू लागली. नवऱ्याने ताट ढकललं की दटावायची, “मला काय गोड लागतं? खावा मुकाट्यानं.” त्याच्या काखेत खांदा घालून ती त्याला उठवायची, आधी अंगणात, मग बांधावर. होळीच्या सुमारास धर्मराज काठी टेकत एकटा मिठागरापर्यंत जाऊन दुपारी परत येऊ लागला. वाचाही मोकळी झाली. त्याच्या आजारपणापासून हौसा कामाला जात नव्हती; तो नुसता चार माणसांत बसून येतो, असंच तिला वाटे. बाई अशी हरखली की विचारू नका!

म्हणून पुढच्या तपासणीला दवाखान्यात तिच्या पायाखालची जमीनच सरकली. पट्टा सोडताना डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. प्रेशर पहिल्यापेक्षा वर गेलं होतं.

“हौसाबाई, घरात मीठ चाललंय.”

“देवाशप्पत नाय, डाक्टर!”

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. घरात नाही, तर मग हा बाहेर कुठे मीठ खातो?

दुसऱ्या दिवशी ती गुपचूप त्याच्या मागोमाग निघाली. मिठागरात पोचून ती बांधाआड उभी राहिली. मुकादमाने धर्मराजला मानाने घोंगडीवर बसवलं होतं, आणि माणसं एकेका कोंडीतलं, म्हणजे खारं पाणी आटवायच्या वाफ्यातलं, मीठ ओंजळीत घेऊन त्याच्यापुढे येत होती. तो चिमूट जिभेवर ठेवी, डोळे मिटी, गिळी आणि सांगे, “हे पिकलं, ओढा. हे कच्चं हाय.” मीठ चाखणं हे आजाराआधीपासून त्याचंच काम. त्याने सांगितल्याशिवाय या आगरात फावडं हलत नसे.

“काय करता तुमी!” हौसा किंचाळली. “डाक्टर काय बोलला?”

“जेवनात नको बोलला,” धर्मराज म्हणाला. “हे जेवन नाय. काम हाय.”

त्याला खरंच तसं वाटत होतं, हे बघून ती सुन्न झाली. खोटं बोलणारा नवरा तिला परवडला असता.

“मंग थुकायचं तरी!”

ओंजळी धरलेली माणसं एक पाऊल मागे सरली. मिठावर थुंकायचं? खाडीने दिलेलं पीक ते. जिभेला लागलेला कण पोटातच जायचा, ही इथली पिढीजात रीत. हौसाही मिठागरातलीच लेक. बोलून गेली आणि तिने स्वतःचीच जीभ चावली.

“थुकनार नाय,” धर्मराज म्हणाला. “आन काम सोडायचं तर चालू कशाला? ने घरी, निजव मला.”

तो रागाने बोलला असता तर ती भांडली असती. पण त्याने शांतपणे काठी बाजूला ठेवली, आणि हौसाला कळून चुकलं. काम काढून घेतलं तर हा उद्यापासून उठणार नाही. राहू दिलं तर झटका याला घेऊन जाणार.

मुकादम पुढचं मीठ हातात घेऊन ओशाळवाणा उभा होता. हौसाने त्यातली चिमूट उचलून नवऱ्याच्या जिभेवर ठेवली आणि आपला तळवा त्याच्या हनुवटीखाली धरला.

“भुईवर नको. माज्या हातावर थुका. मी खाडीला देऊन येते.”

बायकोच्या तळहातावर? चारचौघांत? धर्मराजने ओठ घट्ट मिटले. तोंडात मीठ विरघळत होतं. हौसाचा हात हलला नाही.

शेवटी त्याने मान खाली घातली आणि तो थुंकला.

“कच्चं हाय,” तो रडत म्हणाला.