रजिस्टरात नसलेला आठवा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खोटं कशाला बोलू, वाचून झाल्यावर बरेचदा हसतो. पांढरी साडी, मागून येणारी हाक, वाट चुकवणारा चकवा... आमच्या झाडीपट्टीत असल्या गोष्टींना तोटा नाही. नागऱ्याला लहानाचा मोठा झालो, देवळामागच्या चिंचेखाली भरदुपारी झोपा काढल्या. कधी काही दिसलं नाही. कुणी भुताचं सांगू लागलं की मी आधी विचारायचो, तू स्वतः पाहिलंस का?

तर पाहिलं मीही काही नाही. हे आधीच सांगून ठेवतो. मी फक्त वाचलं, आणि एक पत्र लिहिलं.

साधारण १९५३-५४ ची गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. स्टेशनच्या मालधक्क्यापासून हाकेच्या अंतरावर एका शेठचं सुक्या मासळीचं गोदाम होतं. कोकणातल्या एका बंदरावरून बोंबील, सोडे, जवळा अशी पोती रेल्वेनं यायची आणि इथून देवरी-चिचगडकडच्या बाजारांत जायची. मी तिथे कारकून होतो. आम्ही पोवार, शेतीवाडीची माणसं. मी मासळीच्या गोदामात बसतो याची घरी लाज होती. आई मला विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय घरात घेत नसे.

त्या वर्षी बंदरावरचा व्यापारी वारला आणि त्याच्या मुलांनी धंदा गुंडाळायचं ठरवलं. आमच्या शेठला तिकडचे मासेमारीचे मचवे स्वतःच चालवायला घ्यायचे होते. त्याने मागल्या काही वर्षांची रजिस्टरं मागवली. लाल कापडात बांधलेली सहा रजिस्टरं आली. रोज कुठला मचवा गेला, तांडेल म्हणजे नावेचा म्होरक्या कोण, खलाशी कोण, कुठली मासळी मिळाली, वारा कसा होता — सगळं एकाच हातचं, बारीक मोडीत. गोदामात मोडी वाचणारा मी एकटा. काकांनी लहानपणी शिकवली होती.

"बाबू, पूरा पढ़ के निकालो," शेठ म्हणाला. "कौन से महीने में कौन सा माल, कौन सी नाव अच्छी. जल्दी नहीं है."

गोदामात मासळी निवडायला पाच-सहा बाया यायच्या. त्यांत एक रेवता. चोरखमाऱ्याच्या तलावाकडची, मासे मारणाऱ्या धिवराची सून. वय पंचवीसच्या आतबाहेर. तिचा नवरा सोमा तीन वर्षांपूर्वी मुंबईकडे कामाला गेला, तिथून कुठल्याशा मचव्यावर लागला, एवढीच खबर एका ओळखीच्या माणसाकडून आली होती. मग काहीच नाही. सासरी म्हणायचे, त्याने तिकडे दुसरी केली. पंच बसवून तिचा धाकट्या दिराशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचं चाललं होतं. ती ऐकेना, म्हणून गोंदियाला मावशीकडे येऊन राहिली होती.

रजिस्टरं आल्याचं तिला कळलं. दुपारच्या सुट्टीत ती माझ्या गादीपाशी येऊन उभी राहिली.

"बाबू, त्या वहीत खलाश्याईचे नावं हायेत म्हणते. सोमाचं असन तं पाहून द्या ना."

मी म्हटलं, "अगं, अख्ख्या कोकणात किती बंदरं, किती मचवे. कसं सापडेल?"

"पाहा तं."

चौथ्या दिवशी सापडलं. तिसऱ्या रजिस्टरात, चैत्रात — 'सोमा भंडारेवाला'. खलाशांच्या यादीत सगळ्यात शेवटी. मीच जास्त हरखलो. तिला सांगितलं तेव्हा ती नुसती "हो" म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

त्यानंतर रोज दुपारी ती पुढ्यात बोंबील निवडत बसायची आणि मी तिला सोमाच्या मचव्याचे पाच-सात दिवस वाचून दाखवायचो. 'पहाटे गेला, तिसऱ्या प्रहरी आला. बोंबील बारा टोपल्या. वारा वायव्येचा.' तेच तेच असायचं. ती मन लावून ऐकायची. वायव्य म्हणजे कुठली दिशा, टोपली केवढी, समुद्राचं पाणी चोरखमाऱ्याच्या तलावासारखं संथ असते का... मीही समुद्र पाहिला नव्हता. जमेल तसं सांगायचो.

एक गोष्ट मला खटकायची, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. मधूनच ती माझ्या आधी बोलायची. एकदा मी पान उलटलं तर म्हणाली, "आज जाळं फाटलं." खाली लिहिलं होतं — 'जाळे खडकास अडकून फाटले. मासळी नाही.' मी मनात म्हटलं, धिवराची बाई आहे, जाळी फाटतातच, अंदाज केला असेल. दुसऱ्यांदा तिने जाळ्यात मोठी वाम मासळी आल्याचं सांगितलं, तेही बरोबर निघालं. तेव्हाही मी स्वतःची समजूत घातलीच.

मग एक दिवस तिला वाचून दाखवायच्या आधी मी पुढची पानं चाळली. कार्तिकातलं पान होतं. अक्षर तेच, पण शाई ठिकठिकाणी पसरलेली.

'पहाटे गेला. दुपारी वादळ. आला नाही. एक खलाशी तापाने घरी, सबब खलाशी सहा व तांडेल. एकूण असामी सात.' खाली सात नावं. सातवं सोमाचं.

पुढे दोन महिन्यांची पानं पाहिली. त्या मचव्याचं नाव पुन्हा कुठे नाही.

मी काय करायला हवं होतं, ते आज कळतं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तिच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं आणि सांगायचं नाही असं ठरवलं. दुपारी ती समोर बसली. मी ते पान ओलांडून पुढचं उघडलं आणि मनाने रचून वाचू लागलो. "पहाटे गेला. तिसऱ्या प्रहरी आला. बोंबील नऊ टोपल्या..."

तिचे हात थांबले.

"हे लिहून नाही बाबू."

"अगं, लिहिलंय तेच वाचतोय."

"कायले लपवून राहिले? मले मालूम हाये. त्या दिवशी मचवा बुडाला." आवाज अगदी सरळ, भाजीचा भाव सांगावा तसा. "मी दोन सालांपासून जाणते. पन माझं कोन ऐकन? पंचाईले कागद पायजे. तुमच्या वहीत लिहून असन, त्याचीच वाट पाहून राहिली होती."

मला वाटलं कुणीतरी हिला सांगितलं असणार. कुणी सांगितलं, म्हणून विचारलं.

"तोच सांगते. येते ना दुपारी." तिने कोपऱ्यातल्या पोत्यांकडे मान वळवली. "तिथं बसते. ओला राहते. जास्ती बोलत नाही."

मी पाहिलं. कोपऱ्यात पोती होती, दुसरं काही नव्हतं. त्याच कोपऱ्यातल्या मालाला ओल धरते, अशी शेठची दिवाळीपासून तक्रार होती, हे खरं. पण गोदामात ओल धरायला कारणं पुष्कळ असतात. बाहेर स्वच्छ ऊन होतं. पलीकडे बाकीच्या बाया डबे उघडून जेवत होत्या. तरी माझी गादी मी त्या कोपऱ्यापासून थोडी लांब सरकवली, ते मी नाकारत नाही.

मी हार मानली. कार्तिकाचं ते पान उघडून जसंच्या तसं वाचलं. सात नावं वाचली. 

मग म्हणाली, "आठ होते."

"सात लिहिलेत. एक जण आजारी होता, तो गेलाच नाही."

"त्याच्या बदली दुसरा गेला. वही लिहिनाऱ्याचा भाऊ. पोहता येत नव्हतं त्याले. यानं त्याचं मनगट धरून ठेवलं होतं, लय वेळ. सोडलं असतं तं हा आला असता तिराले, बाबू. हा पान्यातला मानूस. काऊन नाही सोडलं, विचारलं मी. तं बोलतच नाही."

एवढं बोलून ती उठली. निवडलेले बोंबील पोत्यात भरले आणि त्या दिवशी लवकर घरी गेली.

मी त्या पानाचा बालबोधीत उतारा केला. शेठने कुरकुर न करता त्यावर दुकानाचा शिक्का मारून दिला. तो कागद घेऊन ती पंचांपुढे एकटी गेली. नंतर मावशीकडून कळलं — तिने कागद ठेवला आणि सगळ्यांसमोर स्वतःच बांगड्या फोडल्या. म्हणाली, त्यानं दुसरी केली नव्हती, हे आधी तोंडानं बोला. पंच बोलले. त्याचीच विधवा म्हणून राहीन, असं तिने सांगितल्यावर पाटाचा विषयही तिथेच संपला. सासरच्यांनी मात्र तिला पुन्हा दारात उभं केलं नाही. ती चिचगडला भावाकडे निघून गेली.

मला स्वस्थ बसवेना. हा सगळा तिच्या मनाचा खेळ आहे, हे मला स्वतःला पटवायचं होतं. म्हणून मी बंदरावरच्या त्या कारकुनाला पत्र लिहिलं. नाव रजिस्टरावर होतंच. सरळ विचारलं, कार्तिकात बुडालेल्या मचव्यावर तुमचा भाऊ होता काय? कुणी सांगितलं ते लिहिलं नाही.

महिन्याभराने बंद पाकीट आलं. तेच बारीक मोडी अक्षर. पत्र आता माझ्याजवळ नाही, पण मजकूर जवळजवळ पाठ आहे.

'त्या पहाटे एक खलाशी कमी होता. माझ्या धाकट्या भावास मीच बळे पाठविले. तो शिवणकाम करी, पाण्यास भीत असे, पोहणे येत नव्हते. अंधारात त्यास मचव्यावर चढताना माझ्याखेरीज कोणी पाहिले नाही. मचवा आला नाही तेव्हा आईस काय सांगू? तो खडकावर गळ टाकण्यास गेला व लाटेने ओढला, असे मी सर्वांस सांगितले. त्याचे नाव रजिस्टरी चढविले नाही. चौथ्या दिवशी एकट्या त्याचेच प्रेत किनाऱ्यास लागले. उजव्या मनगटावर पाच बोटांचे वळ होते. लोक म्हणाले, खडकाचे खरचटले. मी काही बोललो नाही. आजवर ही गोष्ट मी कोणासही सांगितली नाही. मचव्यावरील कोणी परत आले नाही. मग आपणास हे कोणी सांगितले? कोणी वाचला आहे काय? कृपा करून उलट टपाली कळवावे.'

मी दोन रजा टाकल्या आणि मोटारीने चिचगडला गेलो. रेवता भावाच्या अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. कपाळ मोकळं. मी ओट्यावर बसून तिला पत्र वाचून दाखवलं. मनगटाच्या वळांपाशी आलो तेव्हा तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

पत्र संपल्यावर म्हणाली, "त्याच्या मायले अजून मालूम नाही?"

"नाही."

"मंग तुमी बी नका सांगू."

निघताना मी धीर करून विचारलं, "सोमा... अजून येतो का?"

"नाही. कागद घेऊन आली तवापासून नाही आला." मग फुलं पसरता पसरता म्हणाली, "आला असता तं बरं झालं असतं."

त्यानंतर ती मला भेटली नाही. पुढे शेठने धंदा बदलला, रजिस्टरं रद्दीत गेली आणि मी शाळेत नोकरीला लागलो.

मी खूप विचार केला आहे. ओळखीच्या माणसाने आणखी काही सांगितलं असेल म्हणावं, तर तो माणूस मचवा बुडायच्या आधीच परतला होता. मोडी तिला येत नव्हती, साधी सहीसुद्धा येत नव्हती. आणि आठव्याचं तर कुठे लिहिलेलंच नव्हतं. जी गोष्ट जगात एकाच जिवंत माणसाला ठाऊक होती, ती समुद्रापासून इतक्या लांब गोंदियाच्या गोदामात बोंबील निवडणाऱ्या बाईला कशी कळली? वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा. मला सुचलेलं नाही.

त्या कारकुनाची पुढे आणखी तीन कार्डं आली. प्रत्येकात एकच ओळ — 'कोणी वाचला आहे काय?' नाही, एवढं तरी मी लिहू शकत होतो. पण मग तुम्हाला कसं कळलं, हे त्याने पुन्हा विचारलं असतं. तिसऱ्या कार्डावर अक्षर हललेलं होतं. त्यानंतर कार्ड आलं नाही.

मी एकाचंही उत्तर दिलं नाही.