कौतिकनानांची नजर आणि साहेबांचं यंत्र

जळगावच्या पाइप कारखान्यात कौतिकनाना गरम प्लास्टिक पापडासारखं पातळ ताणून उजेडाला धरायचे. पाइप उन्हात टिकावा म्हणून घातलेली काजळी नीट मिसळली नसेल, तर गुठळ्या आणि त्यांच्यामधून उजेड दिसायचा. एक्क्याण्णव साली साहेबांनी हेच तपासणारं परदेशी यंत्र आणलं. म्हणाले, "नाना, उद्यापासून तुमची गरज नाही."

यंत्र सकाळपासून एकच सांगत होतं: माल उत्तम! नानांनी एक तुकडा ताणून पाहिला. "साहेब, बठ्ठ्या गुठळ्याच शेतस, सगळ्या गुठळ्याच! केळीच्या शेतात हा पाइप वर्षभरात तडकेल."

"परदेशी यंत्र खोटं बोलतं होय?"

नानांनी यंत्राची काजळलेली काच बाहीने पुसली. आता गुठळ्यांमधला उजेड यंत्रालाही दिसला आणि दर्जाचा आकडा धाडकन खाली आला.

या थोर शोधाबद्दल साहेबांचा सत्कार झाला. नानांचीही नोकरी टिकली, रोज काच पुसायला!